साठीनंतरचा गळ आणि परवान्याची फी

वाचकहो, गुलमंडीवरून पैठण दरवाजा गाठला आणि तिथून पैठणच्या रस्त्याला लागलात, की पन्नासेक किलोमीटरवर नाथसागर येतो. वय ६५ झाले असेल तर एसटीत अर्धे तिकीट. पंच्याहत्तरी गाठली असेल तर ऑगस्ट २०२२ पासून पैसेच पडत नाहीत. मात्र पैसे पडत नाहीत म्हणून कंडक्टर तुम्हाला मोकळे सोडत नाही. तो आधार कार्ड बघतो आणि शून्य रुपयांचे तिकीट हातात देतो. हे शून्याचे तिकीट नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

याच गाडीत अधूनमधून एखादे आजोबा दिसतात. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत तंगूस, दोन-चार गळ, शिशाचे तुकडे, आणि प्लॅस्टिकच्या डबीत हळद घालून मळलेली कणीक. दिवसभर काठावर बसायचे, दोन चिलापी किंवा एखादा शिंगाडा लागला तर लागला, नाही तर पाणी बघून परत. गाडीत त्यांचे वय मोजले जाते. पाण्यावर पोचले की वय कोणी विचारत नाही. तिथे एकच प्रश्न असतो, "बाबा, परवाना हाय का?"

मी कृषी खात्याचा माणूस. मासे हा आमच्या खात्याचा विषय नव्हे, असे आजवर आम्हीच सांगत आलो. पण शेततळ्याच्या कामासाठी गावात गेले की काठावरच्या गावांतली म्हातारी माणसे मासेमारीच्या परवान्याचेच विचारतात. त्यातच एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा आता अंग काढून घेता येणार नाही. म्हणून हा लेख.

दोन प्रकारचे म्हातारे

आधी एक घोळ काढून टाकू. गळ टाकणारे दोन प्रकारचे आहेत. एक शहरातला हौशी माणूस. नोकरीतून किंवा दुकानातून मोकळा झालेला, घरात सुनेच्या कामात लुडबुड नको म्हणून पाण्यावर जाणारा. मुंबईत पवई तलावावर अशा हौशी लोकांची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही जुनी संस्था आहे, तिथे सभासद होऊन रीतसर गळ टाकता येतो. गुलमंडी, औरंगपुरा, शहागंज या भागातला माणूस मात्र जिथे पाणी दिसेल तिथे जातो. शहरातले सलीम अली सरोवर, म्हणजे जुना खिज्री तलाव, पक्ष्यांसाठी राखलेले आहे, तिथे गळाचे नाव काढू नये. मग राहते पैठण.

दुसरा प्रकार त्याहून महत्त्वाचा. हा भोई, कहार, कोळी समाजातला पोटासाठी मासे धरणारा माणूस. तरुणपणी चप्पूवरून जाळी टाकली, आता खांदे उचलत नाहीत, रात्रीच्या वाऱ्यात चप्पू सांभाळवत नाही, म्हणून जाळे पोराकडे आणि स्वतःकडे गळ. लोक म्हणतात म्हातारा टाइमपास करतो. तसे नाही. त्याच्या दोन किलो माशांवर घरची मीठमिरची आणि त्याची स्वतःची बीपीची गोळी चालते. पोराकडे हात पसरायला नको, एवढीच त्याची मिरास.

या पाण्याचा इतिहासही थोडा आठवा. जायकवाडी प्रकल्पाची कोनशिला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ साली बसली आणि धरणाचे लोकार्पण इंदिरा गांधींच्या हस्ते १९७६ साली झाले. शंभराहून जास्त गावांची शिवारे पाण्याखाली गेली. ज्यांचे काळेभोर रान गेले त्यांतल्या काहींनी त्याच पाण्यात जाळे टाकले. १९७६ साली विशीत असलेला तो गडी आज सत्तरीच्या घरात आहे. म्हणजे या पाण्यावर धरणाबरोबरच वाढलेली, पहिल्या पिढीची माणसे आत्ता म्हातारी झालेली आहेत. म्हाताऱ्या मच्छीमाराचा प्रश्न इथे यापूर्वी एवढ्या संख्येने आलाच नव्हता, आणि नियम करणाऱ्यांच्या डोक्यातही तो नव्हता.

पाणी कुणाचे, मासा कुणाचा

पुष्कळांचा समज असा, की धरण सरकारी, पाणी देवाचे, मग मासा धरायला कागद कशाला? कायदा तसे म्हणत नाही. पाणी पाटबंधारे खात्याचे असले तरी मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभागाकडून दिला जातो. लहान-मध्यम तलाव साधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने जातात. मोठ्या जलाशयांवर काही ठिकाणी एकेका मच्छीमाराला वैयक्तिक परवाना देण्याचीही पद्धत आहे. गावचा पाझर तलाव असेल तर जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायतीचा संबंध येतो आणि बहुधा लिलाव होतो.

ठेक्याच्या तलावावर संस्थेचे म्हणणे साधे असते. आम्ही पैसे भरले, मत्स्यबीज आणून बोटुकली सोडली, राखण ठेवली. मग कुणीही उठून गळ टाकावा आणि आमचा कटला न्यावा, हे चालणार नाही. हे म्हणणे खोटे नाही. बोटुकली फुकट येत नाही आणि सोडलेल्यातली सगळी जगतही नाही. म्हणून संस्थेचा राखणदार हटकतो तेव्हा तो गुंडगिरीच करत असतो असे समजू नका. पण तोच राखणदार सत्तर वर्षांच्या माणसाची काठी मोडून पाण्यात फेकतो, हेही घडते, आणि ते कुठल्याच ठरावात बसत नाही.

नाथसागरावर आणखी एक पदर आहे. हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. त्यामुळे मासेमारीचा कागद खिशात असला तरी वन विभागाचे नियम वेगळे लागतात. हिवाळ्यात रोहित येतात त्या उथळ भागात तर जाऊच नये. धरणाच्या भिंतीलगत आणि दरवाजांच्या खाली गळ टाकायलाही जाऊ नका. तिथे पाणी कधी सुटेल याचा भरवसा नसतो, आणि म्हाताऱ्या माणसाला पळता येत नाही.

वयाचा हिशेब

आता मुद्द्याचे. आपल्याकडे मासेमारीच्या परवान्याच्या फीमध्ये वयाची सवलत अशी रूढ नाही. पंचवीस वर्षांचा गडी जाळ्याने धरतो आणि सत्तरीचा बाबा काठावर बसून धरतो, दोघे मच्छीमारच. एका अर्थी हे समान आहे, ठीक आहे. पण मदत देताना मात्र सरकारला वय बरोबर आठवते. हे तुम्ही स्वतःच पडताळून पाहा.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात मासेमारी बंद किंवा मंद असते त्या तीन महिन्यांसाठी गरीब पारंपरिक मच्छीमाराला आधार आहे. मच्छीमाराने १५०० रुपये साठवायचे, सरकार ३००० घालते, आणि मिळून ४५०० रुपये त्या तीन महिन्यांत परत मिळतात. वयाची अट १८ ते ६०. एकसष्टावे लागले की नाव कटले. पाणी आटायचे थांबते का? २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळात नाथसागर मृतसाठ्यावर गेला होता. तेव्हा काठापासून पाण्यापर्यंत गाळ तुडवत जायचे, गुडघ्याएवढ्या चिखलात. तरुण गेले. म्हाताऱ्यांनी गळ घरात टांगून ठेवले.

साठीनंतर काय? श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे, २०२३ पासून त्यात दरमहा १५०० रुपये झाले. पण ती सुरू होते ६५ व्या वर्षी, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत दाखवावे लागते. म्हणजे ६० ते ६५ ही पाच वर्षे मच्छीमार मधल्या मध्ये लटकतो. संजय गांधी निराधार योजना आहे, पण ती खरोखर निराधार, अपंग, आजारी अशांसाठी. हातपाय चालणाऱ्या माणसाला कमिटी विचारते, तुम्हाला दोन पोरं आहेत ना? झाले, अर्ज बाजूला.

अपघात विम्याचेही तसेच. मत्स्यसंपदा योजनेतल्या गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ५ लाख, कायमचे अंशतः अपंगत्व आले तर अडीच लाख, दवाखान्यासाठी २५ हजारांपर्यंत. हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरते, मच्छीमाराने एक पैसा द्यायचा नाही. योजना चांगली आहे. पण वय १८ ते ७०. आमच्याकडच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत वय १० ते ७५ आहे. शेतकऱ्याला ७५ पर्यंत आणि मच्छीमाराला ७० पर्यंत, हा पाच वर्षांचा फरक कृषीचा दर्जा मिळाल्यावरही राहावा, हे काही पटत नाही.

जाता जाता कामाची गोष्ट सांगतो. काठावरच्या पुष्कळ घरांत थोडीफार जमीन असते. ज्याचे नाव ७/१२ वर आहे त्याला, आणि खातेदार नसलेल्या कुटुंबातल्या एका सदस्याला, मुंडे योजनेचे संरक्षण आहे. पाण्यात बुडून मृत्यू हा त्यात धरलेला अपघात आहे, मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे यायला हवा. दुःखात तेरावा होतो, पाहुणे जातात, आणि मग कुणीतरी आठवण करून देतो तेव्हा महिना उलटलेला असतो. पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल वेळेत मागून घ्या, बाकी कागदाला कृषी सहायक मदत करील.

फी माफ, परवाना नको माफ

तर मागणी काय असावी? काही मंडळी म्हणतात, साठीच्या वरच्यांना परवानाच लागू नये. ऐकायला बरे वाटते, पण माझे मत सरळ उलटे आहे. फी माफ करावी, परवाना मात्र राहू द्यावा. शून्याच्या तिकिटासारखा.

कारण मच्छीमाराजवळ जमिनीचा उतारा नसतो. शेतकऱ्याला ७/१२, तसा मच्छीमाराला परवाना किंवा संस्थेचे सभासदत्व. विमा, किसान क्रेडिट कार्ड, नुकसानीचा पंचनामा, कुठेही गेले तरी पहिला प्रश्न हाच, की तुम्ही मच्छीमार कशावरून? ज्या दिवशी तुम्ही "म्हाताऱ्याला कागद लागत नाही" म्हणाल त्या दिवशी तो सरकारच्या वहीतून पुसला जाईल. मग तो बुडाला तर तो पोहायला गेलेला कुणी म्हातारा ठरेल, मच्छीमार नव्हे. एसटीचे शून्याचे तिकीट दिले जाते म्हणूनच किती ज्येष्ठ फिरले ते मोजता येते आणि त्याचा पैसा महामंडळाला सरकारकडून मागता येतो. तिकीटच फाडले नसते तर तो प्रवासी कुठल्याच हिशेबात आला नसता.

बाहेरच्या देशांत या बाबतीत दोन्ही तऱ्हा दिसतात. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात १ जानेवारी १९३१ पूर्वी जन्मलेल्या माणसाला मासे धरायला परवानाच लागत नाही, म्हणजे नव्वदी केव्हाच ओलांडलेल्यांना. इंग्लंडमध्ये वेगळे आहे. तिथे गोड्या पाण्यात गळ टाकायला परवाना लागतो, ६६ वर्षांवरच्यांना त्याची फी कमी पडते, अपंगांनाही सवलत आहे. आणि १३ ते १६ वयाच्या पोरांना २०१७ पासून फी नाही, पण परवाना काढावाच लागतो. फी शून्य, कागद पक्का. आपल्याला घ्यायचे तर इंग्लंडचे हे पोरांचे कलम म्हाताऱ्यांसाठी घ्यावे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये पेन्शनरचे सवलत कार्ड असले की मासेमारीची फी माफ असते. तिथली बहुतेक माणसे हौसेने धरतात हे खरे, आणि आपला म्हातारा पोटासाठी धरतो. पण मग सवलतीचा हक्क कुणाचा जास्त?

आक्षेपही ऐकू येतात. पहिला असा, की म्हाताऱ्याच्या नावाचा फुकट परवाना काढून त्यावर पुतणे आणि जावई जाळी टाकतील. टाकतील, यात शंका नको. आपल्याकडे बापाच्या नावावरच्या मोटारीवर तीन घरांची पिके भिजतात. पण यावर उपाय अवघड नाही. सवलतीचा परवाना फक्त गळासाठी द्यावा, फोटोसह द्यावा, जाळ्याला आणि चप्पूला तो चालू नये. गळ एका वेळी एकच मासा धरतो, तोही भुकेलेला. बारीक आसाचे जाळे बोटुकलीसकट सगळे ओढून आणते. तलावाचे नुकसान कशाने होते हे मच्छीमारांना सांगायची गरज नाही. सुरुंग आणि विष घालून मासे मारायला तर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे, तरी कुठे ना कुठे ते चालते. त्याला धरायचे सोडून काठावरच्या बाबाला हटकणे सोपे असते, एवढेच.

दुसरा आक्षेप महसुलाचा. गळावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या फीतून तिजोरीत पडून पडून किती पडणार? पावती पुस्तकाचा आणि वसुलीला जाणाऱ्या माणसाच्या भत्त्याचा खर्चही त्यातून निघत असेल की नाही, शंकाच आहे.

हौशी माणसाचे मात्र वेगळे. ज्याला पेन्शन आहे, ज्याचा मुलगा पुण्याला चांगल्या नोकरीत आहे, त्याने थोडी फी जरूर भरावी. एसटीप्रमाणे अर्धी घ्यावी, आणि संस्थेचा तलाव असेल तर ती संस्थेलाच मिळावी. गुलमंडीवर दिवाळीत साडी घेताना घासाघीस करणारे लोक आपण, गळाच्या फीवरही करू. पण पोटासाठी धरणाऱ्याचे आणि हौशीचे एकच खाते उघडले तर सवलत हौशी माणूसच घेऊन जाईल, कारण त्याला अर्ज लिहिता येतो.

एक सूचना शेततळेवाल्यांना. तुमच्या स्वतःच्या तळ्यातला मासा धरायला असा परवाना लागत नाही. बारमाही सहा-सात फूट पाणी राहत असेल तर कटला, रोहू, मृगळ मिळून सोडा. बोटुकली बोटभर झालेलीच घ्या, मत्स्यजिरे आणून टाकू नका, ते बेडूक आणि पाणकिडे खाऊन टाकतात. थाई मांगूर कुणी स्वस्तात देत असला तरी घेऊ नका, त्यावर बंदी आहे. घरातल्या म्हाताऱ्याला धरणापर्यंत पाठवण्यापेक्षा बांधावर बाज टाकून दिली तर तो राखणही करतो. तळ्याला कागद अंथरलेला असेल तर मात्र काठाला दोर आणि टायर बांधून ठेवा. ओल्या कागदावरून पाय घसरला तर तरुण माणूसही वर येत नाही.

सरकारचा निर्णय येईल तेव्हा येईल. तोवर तुमच्या हातात काय आहे ते बघा. मच्छीमार सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. संस्था सभासदाकडून जो हिस्सा किंवा फी घेते ती ठरवायचा अधिकार सभेचा आहे, त्याला मंत्रालयात जावे लागत नाही. सभेची नोटीस निघाली की साठीवरच्या सभासदांनी लेखी विषय द्या. ठरावाचा मसुदा असा ठेवता येईल: "६० वर्षांवरील सभासदांना काठावरून गळाने मासेमारी करण्यास संस्थेची फी आकारली जाणार नाही, त्यांचे सभासदत्व व ओळखपत्र कायम राहील, आणि हे ओळखपत्र दुसऱ्यास वापरता येणार नाही." विणीच्या काळात गळही बंद, हे वाक्य त्यात आपणहून घाला, म्हणजे तरुण सभासद विरोध करणार नाहीत. अंड्यावरची मादी धरू नये हे त्यांना तुम्हीच शिकवले आहे.

ग्रामपंचायतीचा पाझर तलाव असेल तर लिलावाच्या आधीच ग्रामसभेत हा विषय काढा आणि लिलावाच्या शर्तींत तो लिहून घ्या. एकदा बोली लागली की ठेकेदार ऐकत नाही, आणि त्याचे चुकते असेही नाही.

आणि ज्यांचे वय ७० च्या आत आहे त्यांनी सभेची वाट न बघता हे एक काम आधी करावे. सप्टेंबर २०२४ पासून केंद्राची राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल नोंदणी सुरू आहे. आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाइल नंबर आणि बँकेचे पासबुक घेऊन जवळच्या सेवा केंद्रात जा, सोबत संस्थेचा दाखला किंवा परवाना असू द्या. मोबाइल पोराच्या नावावर असेल तर पोरालाही बरोबर न्या, ओटीपी त्याच्याच फोनवर येतो आणि तो नेमका तेव्हा कंपनीत ड्युटीवर असतो. नोंदणी झाली की त्याची प्रत घेऊन जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात विम्याच्या यादीत नाव आहे का ते विचारा. यादी नुसती तोंडी सांगितली तर ऐकून परत फिरू नका, आपले नाव बोट ठेवून बघून या.